दोन बायकांचा एक कोयता

ऊसतोडीचा मुकादम म्हणजे काय, हे तुम्ही मजुराला विचाराल तर तो म्हणेल, राक्षस. कारखान्याला विचाराल तर चोर. माझ्या बायकोला विचाराल तर ती म्हणेल, दिवाळीला कधी घरी नसलेला माणूस. तिघांचंही बरोबर आहे आणि तिघांनाही मी पुरून उरलोय. आता गुडघ्यांनीच राजीनामा दिल्यामुळं दिवाळीला घरी असतो, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खातो आणि बायकोला नको झालेला असतो. म्हणून हे लिहायला बसलो.

विषय सापडला परभणीत, एका वकिलांच्या ओसरीवर. बांधाच्या भांडणासाठी गेलो होतो. माझ्या आधी बरेच पक्षकार बसलेले आणि वकीलसाहेब निवांत पेपर वाचत होते. पेपरात कुठल्याशा परक्या देशाची बातमी होती. तिथं म्हणे दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना जोडपं म्हणून कायद्यानं राहता येतं. झालं! ओसरीवर सभा भरली. एक गुरुजी म्हणाले, हा समाजाचा अंत आहे. एक आडत्या म्हणाला, राहायचं तर राहा बापहो, पण त्याला कायदा कशाला? शेवटी वकीलसाहेबांनी चष्मा काढला आणि सांगितलं, "आपल्याकडं असला प्रश्न उद्भवतच नाही."

मी कोपऱ्यातून म्हणालो, "साहेब, उद्भवला होता. गोदाकाठच्या उसात. निकालसुद्धा लागला."

"कोणत्या कोर्टात?"

"म्हसोबाच्या."

सगळे हसले. मीही हसलो, कारण मी खरं बोललो की लोक हसतात, हा माझा जुना अनुभव आहे.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो. बायको तो गोळा करते, त्याची मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. फळी हलते, बायको हलत नाही. एकट्या माणसाला म्हणायचं हाफ कोयता. रंडका, बिनलग्नाचा, बायको माहेरी जाऊन बसलेला, सगळे हाफ. माझ्याकडं एक पैलवान होता, एकटा चार माणसांच्या भाकरी खायचा. भाकरी फुल, कोयता हाफ. त्याला त्याचं फार वाईट वाटायचं. लग्न कर म्हणून त्याच्या मागं लागायला आईबाप नव्हते, पण कोयत्यानं त्याचं लग्न केलं.

फुल कोयत्याला स्वतःची कोपी मिळते. कोपी म्हणजे बांबूवर चटया टाकून उसाच्या पाचटानं शाकारलेली झोपडी. आत वाकूनच जावं लागतं, पण दाराला चटई लावली की ते घर. हाफ कोयत्यांना असं घर नाही. गडी असतील तर एका कोपीत कोंबायचे, बाई असेल तर कुणाच्यातरी संसाराच्या कडेला पथारी टाकायची.

दसऱ्याच्या आधी मी गावोगाव फिरून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, द्यायचो आणि टोळी बांधायचो. पण माझ्या टोळीची एक रीत होती. जिंतूरच्या लोहाराकडून मी नवे कोयते करून आणायचो. माझ्या हातचा नवा कोयता जोडीनं हातात घेतला की बोलणं पक्कं. मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपून कारखान्याचा शेवटचा भोंगा वाजेपर्यंत, तो कोयता मोडायचा नाही. जोडीतला एक माणूस कुणी काढून न्यायचा नाही. बाप आला तरी नाही, सासरा आला तरी नाही. ही रीत काही मी मजुरांच्या कल्याणासाठी काढलेली नव्हती. मध्येच जोडी फुटली की ट्रक अर्धा राहतो आणि शिव्या मला बसतात, एवढाच तिचा उगम. पण रीत ती रीत.

तर एका दसऱ्याला, चारठाण्याजवळच्या आमच्या गावी, माझ्या अंगणात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक उंच, काळी, कमी बोलणारी. ती द्रुपदा. नवऱ्यानं टाकलेली, बापाच्या माळरानाच्या तुकड्यावर राहायची. दुसरी ठेंगणी, गोल चेहऱ्याची, तोंडाला फाटक नसलेली. ती कौसा. विधवा. दोघी आदल्या साली दुसऱ्या कुणाच्या टोळीत हाफ कोयते म्हणून गेल्या होत्या आणि तिथून परत आल्या त्या एकाच घरात.

कौसा म्हणाली, "मुकादम, आमाला कोयता द्या."

"दोन घ्या. हाफ हाफ."

"एकच द्या. आमी जोडी हाव."

"नवरे कुठायत?"

"माझा वर गेला, हिचा औरंगाबादला गेला. दोघंबी परत यायचे न्हाईत."

मला मजा वाटायला लागली. मी पानाला चुना लावत विचारलं, "मग तुमच्यातला गडी कोण?"

"सकाळच्याला मी तोडते, ही मोळ्या वाहती. दुपारून ही तोडती, मी वाहते."

"आन रातच्याला?"

मी मिशीतल्या मिशीत हसत होतो. कौसानं माझ्याकडं सरळ बघितलं. "रातच्याला झोपतो, मुकादम. तुमच्यात काय करतेत?"

आत माझ्या बायकोच्या हातातलं ताट पडलं. ती अजून ते वाक्य विसरलेली नाही आणि मला विसरू देत नाही.

खरं सांगायचं तर त्या साली मला एक कोयता कमी पडत होता. ट्रकमालक डोक्यावर बसलेला. मी विचार केला, ऊस तुटल्याशी मतलब. आतून नवा कोयता आणला आणि दिला. कौसानं मूठ धरली, द्रुपदानं पात्याखाली तळवा धरला, अगदी फुलाखाली ओंजळ धरावी तसा. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आपल्या हातून इतिहास घडायलाय हे घडताना कळलं असतं तर मी धोतर तरी धुतलेलं नेसलो असतो.

फड आमच्याच जिल्ह्यात होता. जायकवाडीचं पाणी आल्यापासून गोदाकाठी ऊस झालेला. फड म्हणजे तोडणीला आलेलं उसाचं रान. पहिल्या दिवशी फडाच्या बांधावर म्हसोबाची पूजा करायची, दगडाला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा, आणि मगच पहिला ऊस तोडायचा. उसात साप असतात, रानडुकरं असतात, पात्यानं बोटं तुटतात. म्हणून ही पूजा कुणी टाळत नाही. पूजेला जोडी बसते आणि जोडी बसली की तिची गाठ मारायची.

त्या साली पाळी उत्तमची होती. उत्तम हा माझ्या टोळीतला सगळ्यात जुना गडी, आवाज मोठा, अक्कल बेताची. त्यानं उचलीचा आनंद आदल्या दिवशीच पिऊन साजरा केलेला. तो बांधावर आडवा होता आणि म्हसोबाऐवजी स्वतःच दगड झाला होता. त्याची बायको शेवंता त्याच दिवशी बाहेरची झालेली. दुसऱ्या जोडीतली बाई बाळंतीण, तिसऱ्या जोडीत सकाळीच मारामारी झालेली, दोघं एकमेकांच्या शेजारी बसायला तयार नाहीत. तिकडं ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढीना. मी ओरडलो, "अरे कोणतीतरी एक जोडी बसा रे! म्हसोबाला जोडी दिसली म्हणजे झालं!"

द्रुपदा आणि कौसा पुढं होत्या. बसल्या. उत्तमची म्हातारी आई, गोदामाय, जवळच उभी होती. जन्मभर पूजेला बसलेल्या जोड्यांच्या गाठी तिनंच मारलेल्या. तिचे हात आपोआप पुढं गेले. एरवी उपरणं आणि पदर, यावेळी दोन पदर. गाठ बसली. नारळ एका घावात फुटला, पाणी सगळ्यांवर उडालं, आणि खोबरं सगळ्यांनी खाल्लं. कुणाला काही वाटलं नाही. ट्रक भरायचा होता.

पुढचे दोन महिने त्या दोघींनी माझी टोळी बिघडवली.

म्हणजे काम कमी केलं असं नाही. त्यांच्या मोळ्या सगळ्यांत जास्त. पैलवान बघतच राहायचा. पण भानगड अशी होती की त्या खरोखर दुपारी अदलाबदल करायच्या. भाकर खाल्ली की कोयता इकडून तिकडं जायचा आणि चुंबळ तिकडून इकडं. शेजारच्या ओळींतल्या बायका हे रोज बघायच्या. पिढ्यान्पिढ्या मोळ्या वाहून ज्यांच्या माना आत गेल्या होत्या, त्यांच्या डोक्यात असं आलंच नव्हतं की तोडणारा माणूस वाहूही शकतो.

एका दुपारी शेवंतानं चुंबळ उत्तमच्या डोक्यावर ठेवली. "आज तुमी वाहा. मी तोडते."

उत्तमनं हसण्यावारी नेलं. पण सगळ्या बायका बघायला लागल्यावर त्याला मोळी उचलावी लागली. फळीवर तो निम्मा चढला. फळी हलली, उत्तमही हलला. मोळी ट्रकमध्ये पडली, उत्तम चिखलात. त्या दिवशी बायका इतक्या हसल्या की दुसऱ्या फडातली माणसं बघायला आली.

दुसऱ्या दिवशी गड्यांचं शिष्टमंडळ माझ्याकडं. पुढं उत्तम, मान वाकडी.

"मुकादम, त्या दोघींना टोळीतून काढा."

"कामून? काय केलं?"

"बायका बिघडायल्यात."

"म्हणजे काय करायल्यात?"

"मला मोळी वाहायला लावली."

"मग वाहिली का?"

"त्यो मुद्दा न्हाई!"

मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. एक मात्र माझ्या लक्षात आलं. त्या दोघी एका कोपीत राहतात, एका ताटात जेवतात, कौसाला ताप आला तर द्रुपदा दिवसभर पाणी पाजत बसते, यावर एकाचीही तक्रार नव्हती. तक्रार मोळीची होती. पण मोळीची तक्रार उघड करता येत नाही, लाज वाटते. म्हणून मग धर्म आठवतो. आठवडाभरात तो आठवला, कारण कौसाचा भाऊ आला.

भावाचं नाव ज्ञानोबा. शेती थोडी, इज्जत जास्त. गावातल्या दोन वजनदार माणसांना घेऊन तो दुपारीच फडावर आला. माणूस वाईट नव्हता. अंगावरचा सदरा नवा होता आणि घामानं पाठीला चिकटला होता.

"मुकादम, बहिणीला न्यायला आलो. पाथरीकडचा बिजवर बघितलाय. पाट लावायचा ठरलाय. घर चांगलं हाय, दोन म्हशी हायत."

कौसा कोयता हातात घेऊन तिथंच उभी होती. "दादा, म्हशीला इचारलंस का? तिची तयारी हाय का?"

"गप. लोक मला काय काय बोलायलेत तुला मालूम हाय का?"

"काय बोलायलेत?"

ज्ञानोबानं मागं बघितलं. बरोबर आलेल्यांपैकी एकानं सांगितलं, "म्हणतेत, तुझ्या बहिणीनं बाईसंगं घर मांडलंय."

"खरं बोलायलेत की," कौसा म्हणाली.

फडातले कोयते थांबले. मी टोळी म्हसोबापुढं बोलावली, कारण काम तर थांबलंच होतं आणि असा नाट्यप्रयोग फुकट सोडणारा मी माणूस नव्हे.

प्रश्न सरळ होता. त्या दोघी एक कोयता आहेत की दोन हाफ? एक कोयता असेल तर रीतीप्रमाणं पट्टा पडेपर्यंत जोडी फुटत नाही, ज्ञानोबानं परत जायचं. दोन हाफ असतील तर कौसानं आत्ता भावाबरोबर जायचं आणि बिजवराशी गाठ बांधून घ्यायची. मधला रस्ता नव्हता.

उत्तम पुढं आला. "बाया बायांचा कसला कोयता? नवरा पायजे, बायको पायजे. देवानं तसंच केलंय."

मी म्हणालो, "उत्तम, मी तरुणपणी गावच्या नाटकात नायिकेचं काम करायचो. रामभाऊ शिंप्याशी माझं भर स्टेजवर चार वेळा लग्न लागलंय. तू पुढं बसून अक्षता टाकायचास. रडायचास."

"ते नाटक व्हतं!"

"तुझ्या लग्नात तू शुद्धीवर नव्हतास. त्याला काय म्हणायचं?"

शेवंता पदर तोंडात धरून वळली. हशा झाला, पण ज्ञानोबा हसला नाही, आणि द्रुपदाही नाही. ती कौसाच्या मागं उभी होती आणि तिची नजर रस्त्याकडं होती, जिथून बस जाते.

मग टोळीतला एक समजूतदार गडी बोलला. असा एक प्रत्येक टोळीत असतो आणि मला त्याचीच सगळ्यात भीती वाटते. तो म्हणाला, "तंटा कशाला? दोघी राहू द्या एका कोपीत, आपलं काय जातंय? पण जोडी म्हणू नका. दोन हाफ म्हणा. नावात काय हाय?"

बऱ्याच माना डोलल्या. माझीही डोलायच्या बेतात होती. तेवढ्यात मागून लिंबाजी बोलला.

लिंबाजी कधी बोलत नसे. त्याची कोपी इतरांच्या कोप्यांपासून अंतरावर असायची, का ते मराठवाड्यात सांगावं लागत नाही. नामांतराचा ठराव झाला त्या साली त्याच्या गावात त्याचं घर पेटवलेलं. तेव्हापासून तो माझ्या टोळीत होता.

तो म्हणाला, "इद्यापीठ जिथं हाय तिथंच हाय. भिंती त्याच, पोरं तीच, मास्तर तेच. आमी निस्तं नाव द्या म्हणलाव, तर माझं घर जाळलं. आन तुमी म्हणता नावात काय हाय? काईच नसतं तर देऊन मोकळे झाले असते. दोन हाफ म्हणलं की आज ह्यो भाऊ एक हाफ उचलून नेतोय. कोयता म्हणलं तर नेता येत न्हाई. एवढं हाय नावात."

त्या दिवशी त्याच्या बोलण्यावर माना खाली घातलेल्यांपैकी कुणी त्याची कोपी जवळ आणली, असं मात्र झालं नाही. मीही आणली नाही. आम्हाला दुसऱ्याच्या निकालात न्याय चांगला कळतो.

ज्ञानोबा म्हणाला, "तुमचं राजकारण तुमच्याजवळ ठेवा. मला बहीण पायजे." आणि त्यानं कौसाचा हात धरला.

तेव्हा द्रुपदा बोलली. तिचा आवाज माझ्या टोळीतल्या निम्म्या लोकांनी तोवर ऐकलेला नव्हता. "मला नवऱ्यानं टाकलं तवा समदा गाव म्हणला, बिचारीचा संसार मोडला. माझं काईच मोडलं नव्हतं. मी त्या दिवशी पोटभर जेवले. आज हिला नेलं तर मोडंल. समदे हितं हाव, तर एकडाव बघून घ्या, संसार मोडतो म्हंजी काय व्हतंय ते."

ज्ञानोबानं हात सोडला नाही, पण ओढलाही नाही.

आणि इतका वेळ म्हसोबाशेजारी तंबाखू मळत बसलेली गोदामाय उठली. "गाठ मी मारली," ती म्हणाली.

"कसली गाठ, माय?" उत्तमनं विचारलं.

"फडाच्या पूजेची. तू आडवा पडला व्हतास, तुला काय ठावं? ह्या दोघी जोडीनं बसल्या, मी पदराला पदर बांधला, म्हसोबानं नारळ घेतला. तुमी समद्यांनी खोबरं खाल्लं. दोन महिने झाले, फडात कुणाला इच्चू चावला न्हाई. ह्या जोडी न्हाईत म्हणलं तर माझी गाठ झूठी. गाठ झूठी तर पूजा झूठी. ठीक हाय. मग यंदा फडाची पूजाच झाली न्हाई. उद्या सकाळी ओढ्याकडचा दाट ऊस हाय. त्यात पैल्यांदा कोण शिरतंय? उत्तम, तू शीर."

उत्तमनं ओढ्याकडं बघितलं. तिथला ऊस माणसाच्या दुप्पट उंच, खाली गुडघाभर पाचट, आणि वारा नसताना ते पाचट हलत होतं. सगळ्यांनीच बघितलं. दोन महिने ज्या भरवशावर त्यांनी त्या पाचटात उघडे पाय घातले होते, तो भरवसा दोन पदरांच्या गाठीवर उभा होता, हे त्यांना तेव्हा कळलं. मलाही तेव्हाच कळलं, पण माझा चेहरा असा होता की जणू मीच ते घडवून आणलं.

समजूतदार गडी घसा साफ करून म्हणाला, "तसं बघितलं तर... कोयताच हाय म्हणा."

"कोयताच," पैलवान म्हणाला.

उत्तम आईकडं न बघता पुटपुटला, "मी कुठं न्हाई म्हणलो?"

मी उपरणं खांद्यावर टाकलं आणि स्टेजवरचा आवाज काढला. "ज्ञानोबा, टोळीचा निकाल झाला. हा कोयता हाय. पट्टा पडेपर्यंत मोडत न्हाई."

ज्ञानोबानं हात सोडला. "ठीक हाय. पट्टा पडल्यावर येतो. मग तर तुमची रीत संपली?"

संपलीच. हे त्यालाही माहीत होतं, मलाही, आणि त्या दोघींना सगळ्यांत जास्त. उरलेला हंगाम त्या ऊस तोडत होत्या की दिवस धरून ठेवत होत्या, सांगता येत नाही. बाकी सगळी टोळी घरच्या ओढीनं पट्ट्याची वाट बघत असते. या दोघी भोंग्याला शिव्या द्यायच्या.

पट्टा पडायच्या दिवशी ज्ञानोबा सकाळपासून बांधावर बसून होता. कोप्या मोडून झाल्या, भांडी पोत्यांत गेली. शेवटच्या मोळीला गुलाल लावून ट्रक गेला. सगळे कान कारखान्याकडं लावून उभे होते, आणि या दोघी माझ्यापुढं आल्या.

कौसा म्हणाली, "मुकादम, पुढच्या सालचा कोयता द्या."

"आत्ता? अगं, दसरा कुठाय!"

"आत्ताच. भोंग्याच्या आत."

इतका चलाख माणूस मी, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नवा कोयता माझ्याकडं नव्हता. ट्रकच्या केबिनमध्ये एक होता, ड्रायव्हरनं नारळ फोडायला ठेवलेला. ट्रक तर गेलेला. शेवटी लिंबाजीनं आपल्या पोत्यातून एक काढला. हंगामात मोडलेल्याच्या बदली घेतलेला, पण वापरायची वेळ न आलेला, कोरा. मी तो दोघींपुढं धरला. कौसानं मूठ धरली, द्रुपदानं पातं. आणि भोंगा वाजला. तो शेवटचा भोंगा लांब असतो. तो संपेपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे होतो.

ज्ञानोबा उठून आला. "पट्टा पडला."

"ह्या सालचा पडला," मी म्हणालो. "हा पुढच्या सालचा कोयता हाय."

त्यानं त्या पात्याकडं बघितलं. मग एकटाच बसच्या रस्त्याला लागला. कौसा त्याच्या पाठीकडं बघत मला म्हणाली, "बाकीच्यांचं लगीन एकदाच व्हतं, मुकादम. आमाला दरसाल करावं लागंल."

आणि त्यांनी ते दरसाल केलं. पुढं कित्येक हंगाम मी शेवटच्या भोंग्याआधी एक नवा कोयता तयार ठेवायचो. ज्ञानोबाही दरसाल यायचा, बांधावर बसायचा, बघायचा, जायचा. नंतर नंतर तो येताना बहिणीसाठी घरची ज्वारी आणायला लागला. बिजवरानं दुसरीकडं पाट लावला, म्हशींसकट.

मग माझे गुडघे गेले. टोळी पुतण्याकडं दिली. पुतण्या शिकलेला, हिशोबी. त्यानं त्या दोघींना बघितलं आणि म्हणाला, "दोन हाफ." मी त्याला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "काका, तुमच्या टायमाला चालत असंल." इतकी वर्षं जी गोष्ट मी रीत समजत होतो, ती माझ्या तोंडाच्या शब्दावर उभी होती, आणि माझा शब्द माझ्या गुडघ्यांबरोबर निवृत्त झाला होता. वकीलसाहेबांच्या ओसरीवर मला हसू आलं खरं, पण त्या आडत्याचं 'कायदा कशाला?' आठवून हसू तिथंच थांबलं. कशाला ते मला माहीत होतं.

दोघींनी ऊसतोड सोडली. द्रुपदाच्या बापाच्या तुकड्यावर करडई आणि ज्वारी घेतात, शेळ्या पाळल्यात. नवा कोयता मात्र माझ्याकडून दरसाल नेतात. मी जिंतूरहून करून आणतो. लोहार विचारतो, मुकादम, आता एकच? मी म्हणतो, एकच.

गेल्या उन्हाळ्यात ज्ञानोबा माझ्या घरी आला. केस पांढरे झालेले. खांद्यावरचं ज्वारीचं पोतं त्यानं दाराशी टेकवलं. बायकोनं चहा दिला. त्यानं तो बशीत ओतला, फुंकला आणि विचारलं, "मुकादम, तुमी तर धंदा सोडला म्हणं?"

"कोण म्हणलं? टोळी हाय की माझी."

"किती कोयत्याची?"

"एका."

"एका कोयत्याची टोळी असती व्हय?"

"माझी हाय."

त्यानं एक घोट घेतला. "गावातले लोक अजून इचारतेत. बहीण कधी आणतोस म्हणून. काय सांगू?"

"सांग, कोयता मुकादमाकडं बांधलेला हाय. पट्टा पडल्याबिगर सुटत न्हाई."

"पट्टा कधी पडायचाय?"

"कारखान्याचा भोंगा वाजला की."

"कोणता कारखाना?"

मी अंगणापलीकडच्या माळाकडं हात केला. तिथं कुसळं होती आणि कुणाचीतरी गाय. "त्यो अजून बांधायचाय."

ज्ञानोबानं माळाकडं बघितलं. बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या, आणि त्या माळावर कारखाना कुठवर बसेल याचा खरोखर अंदाज घेतल्यासारखा बघत राहिला.

"मग घाई न्हाई म्हणायची," तो म्हणाला, आणि ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन बहिणीच्या घराकडं निघाला.